बुधवारचा उपवास

पेंडुरकर मॅडमना त्या आठ आठवड्यांतून काय काय मिळणार होतं, ते मी पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं होतं. एक, प्रोफेसरपदाची बढती. त्यासाठी विद्यार्थीकल्याणाचा एखादा यशस्वी उपक्रम दाखवावा लागायचा. दोन, उपक्रम संपल्यावर पुण्यात होणाऱ्या गौरव समारंभात व्यासपीठावर खुर्ची. तीन, त्या खुर्चीत बसलेला फोटो नणंदेला पाठवायचं सुख. नणंद दुसऱ्या कॉलेजात आधीच प्रोफेसर होऊन बसली होती. खाली मी माझं लिहिलं: गोव्याच्या औषध कंपनीतल्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी मॅडमचं शिफारसपत्र. कॉलेजला जागा एकच होती. कोणाला काय झळ लागेल, असाही एक रकाना आखला आणि त्यात लिहिलं, ‘कोणाला काही नाही’.

उपक्रमाचं नाव ‘हसरं ताट’. पुण्याच्या एका कंपनीनं पोरींच्या मोबाईलवर अ‍ॅप चढवून दिलं. ताण हलका होणार होता आणि खाण्याच्या सवयीही सुधारणार होत्या. दिवसातून तीनदा ताटाचा फोटो टाकायचा, मग हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या पाच चेहऱ्यांपैकी आपला चेहरा निवडायचा, आणि शनिवारी एका गोड आवाजाच्या बाईंबरोबर व्हिडिओवर श्वास घ्यायचा. नीट जेवलं की हिरवा ठिपका, अर्धवट जेवलं की पिवळा, जेवण चुकलं की लाल. सलग तीन दिवस लाल आला, तर पुण्याहून समुपदेशक बाईंचा फोन थेट त्या मुलीला.

आमचं फार्मसी कॉलेज तासगावच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध. हॉस्टेलात बावन्न मुली. सगळ्यांचे ठिपके बघायला एक ‘ताई’ नेमायची होती. मी तिसऱ्या वर्षाला होते, चष्मा होता, अक्षर चांगलं होतं. मॅडमनी मलाच नेमलं.

श्रावणातला पहिला सोमवार उजाडला आणि बावन्नपैकी एकतीस ठिपके लाल झाले.

“अगं, हे काय रक्तबंबाळ करून ठेवलंय?” मॅडम स्क्रीनकडे बघत ओरडल्या.

“मॅडम, उपवास आहे.”

लगेच पुण्याच्या कंपनीतल्या कौस्तुभला व्हिडिओवर घेतलं. मुलगा सज्जन होता, पण त्याच्या आईनं त्याला कधी उपवासाच्या स्वयंपाकघरात पाठवलेलं दिसत नव्हतं.

“जेवण चुकलं म्हणजे चुकलं,” तो म्हणाला. “सिस्टिमला कारण कळत नाही.”

“दादा,” मी म्हटलं, “आमच्याकडे उपवासाला खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर ताक असतं. रोजच्यापेक्षा जास्त चापतो आम्ही. तुमच्या सिस्टिमला एकदा जेवायला पाठवा.”

मॅडम हसल्या. कौस्तुभही हसला. दोन दिवसांत अ‍ॅपमध्ये ‘उपवास’ नावाचं बटण आलं. ते दाबलं की फोटो टाकायची गरज नाही. दिवसाचे तिन्ही ठिपके हिरवे आणि अहवालात ‘आहार पूर्ण’. पहिल्या सोमवारचे लालही कौस्तुभनं हिरवे करून दिले.

“आश्लेषा,” मॅडम म्हणाल्या, “तू पुढं जाशील.”

पुढं जायचं म्हणजे गोव्याला, असा मी त्याचा अर्थ लावला.

माझ्या खोलीत नंदिता खरमाटे राहायची. दुसऱ्या वर्षाला, सहा विषयांपैकी तीन राहिलेले. तिचे पप्पा कवठ्याकडचे बेदाण्याचे व्यापारी. महिन्यातून एकदा जीप घेऊन यायचे आणि आमच्या खोलीत पाच किलो बेदाणे ठेवून जायचे. बेदाणे आम्ही बाकीच्या खायचो. नंदिता खिडकीत पुस्तक घेऊन बसायची. पाठांतर करताना तिचे ओठ हलायचे आणि मध्येच थांबायचे, मग ती पहिल्यापासून सुरू करायची.

“सोमवार कशाचा करतेस गं?” मी एकदा विचारलं.

“केमिस्ट्रीचा.”

“म्हणजे?”

“मागच्या वेळी सोमवार केले, केमिस्ट्री निघाली. म्हणून आता मंगळवारही धरलाय. फार्माकॉलॉजीचा.”

मला गंमत वाटली. मी तिला म्हटलं, देवांना विषय वाटून दिलेत, आता प्रॅक्टिकलला कोण येणार? ती हसली नाही.

“गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा,” तिनं बोटांवर मोजलं. “विषय सहा आहेत, आशे. एखादा सोडला आणि नेमका तोच गेला तर?”

हॉस्टेलात तिचं कौतुक व्हायचं. परीक्षेच्या आधी पोरी तिच्या पाया पडून जायच्या, अर्धी थट्टा, अर्धं खरं. रोज सकाळी ती बटण दाबायची आणि अ‍ॅप तिला हिरवा ठिपका द्यायचं. तिसाव्या दिवशी अ‍ॅपनं तिच्या मोबाईलवर कमळाचं फूल फुलवलं. ‘अभिनंदन, नंदिता! सलग तीस दिवस तुमचं ताट हसतंय.’

तिनं मला ते आणून दाखवलं. गालफडं बसली होती, पण डोळे चमकत होते.

“बघ,” ती म्हणाली, “यांनासुद्धा पटलंय.”

मी ताई होते. मी म्हटलं, “छान.”

सहाव्या आठवड्यात मेसच्या सुगंधामावशींनी मला हात धुताना अडवलं. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कंत्राटदाराला रोज ताटांचा आकडा द्यावा लागे, म्हणून त्यांनी भिंतीवर प्रत्येक मुलीची एक निशाणी काढली होती. माझा चष्मा होता, नंदिताचा द्राक्षाचा घड. ताट घेतलं की निशाणीसमोर खडूची एक रेघ. महिना संपला की ओल्या फडक्यानं रेघा पुसायच्या, निशाण्या ठेवायच्या.

“चष्मेवाले, हिकडं ये. ही द्राक्षं तुज्या खोलीतली न्हवं?”

“हो.”

“मोज.”

चष्म्यासमोर रेघांची गर्दी होती. घडासमोर तीन रेघा. तिन्ही रविवारच्या.

“उपवास करते ती, मावशी.”

“उपवासवाल्यांची बी रेघ मारते मी. खिचडी न्हेली की आडवी. बघ की, तुजी सोमवारची आडवी हाय. हिनं खिचडी बी न्हेली न्हाय. निस्तं पानी पिती, आन् मला सांगती निर्जळी हाय. पानी पिऊन निर्जळी कसली गं?” त्यांनी पदरानं हात पुसले. “सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, मान्य. बुधवारचा उपवास कुनाचा आस्तो, सांग की मला शिकल्यालं मानूस.”

मला फक्त ते बटण आठवलं.

दुपारी मी खोलीचं दार लावून घेतलं आणि नंदिताला समोर बसवलं. हात धरला, तर बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या.

“बुधवार कशाचा?”

“ॲनालिसिसचा.”

“देव कोणता?”

“सापडला नाही. तसाच धरलाय.”

“उद्यापासून माझ्याबरोबर जेवायला चल.”

“चलते. पण आता पोटच घेत नाही गं. रविवारी चार घास खाते तर गळ्याशी येतात.” मग तिनं माझा हात घट्ट धरला. “घरी कळवू नकोस. मिरजेचं स्थळ आलंय. पप्पा म्हणालेत, झेपत नसेल तर सांग, दिवाळीत उरकून टाकू. त्यांना फक्त निमित्त पाहिजे. परीक्षा होऊ दे. शपथ घे.”

मी शपथ घेतली नाही, पण घरीही कळवलं नाही. दोन आठवडे मी तिला ताटापर्यंत न्यायची. ती भाकरीचे बारीक बारीक तुकडे करायची आणि ताटभर पसरून ठेवायची. मावशी लांबून बघत. रेघ मारत नसत.

मॅडमना सांगितलं तर बटणाचं बिंग फुटणार, अहवाल बुडणार, त्याबरोबर माझं पत्र. घरी सांगितलं तर नंदिता दिवाळीत मिरजेला. गप्प बसलं तर ती माझ्या डोळ्यांसमोर वाळत चाललेली. दारं तीन होती आणि तिन्हींना मीच आतून कडी लावली होती.

चौथी वाट मला शेवटच्या आठवड्यात सुचली. कोणी चुकून काही दाबलं तर ठिपका दुरुस्त करायचा अधिकार ताईला होता. सोमवारी मी नंदिताचा हिरवा लाल केला. मंगळवारीही. बुधवारचा लाल झाला असता, तर तीन भरले असते. पुण्याहून फोन आला असता, एका अनोळखी बाईंचा, ज्यांना ना मिरजेचं स्थळ माहीत होतं ना गोव्याची जागा. त्या काय विचारायचं ते विचारतील आणि नंदिता कदाचित खरं बोलेल, एवढीच माझी आशा होती.

बुधवारी दुपारी मॅडमनी बोलावलं.

“हे दोन लाल कुठून उगवले?”

“मॅडम, ती जेवत नाही.”

“उपवास करते. बटण तूच मागून घेतलंस ना?”

“पण ती काहीच...”

“आश्लेषा,” मॅडम अगदी प्रेमानं म्हणाल्या, “चार दिवस राहिलेत. आपलं हॉस्टेल शंभर टक्के हिरवं आहे. जिल्ह्यात एकटं. आज तुझ्या पत्रावर सही करून ठेवणार होते मी.” पत्र टेबलावर होतं. माझं नाव टाइप केलेलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन हातात तसंच धरून ठेवलं. “ते दुरुस्त कर आणि रविवार होऊ दे. मग मी स्वतः बोलेन तिच्याशी. घरच्यासारखं.”

मी तिथंच मोबाईल काढला. सोमवार हिरवा, मंगळवार हिरवा. बुधवारचं तिनं सकाळीच दाबून ठेवलं होतं. मॅडमनी सही केली. सही वळणदार होती.

गुरुवारी सकाळी प्रॅक्टिकलला नंदिता ब्युरेटसमोर उभी होती ती तशीच खाली बसली आणि मग आडवी झाली. काच फुटली. आम्ही तिला कॉलेजच्या गाडीत घातलं तेव्हा ती माझ्या एका हातानं उचलली गेली.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम फार खाली गेलंय, थोडक्यात वाचली. जुलाब-उलट्या होत होत्या का? दारात तिचे पप्पा नुकतेच येऊन उभे राहिले होते, चपलांसकट, धापा टाकत. नंदितानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हो,” ती म्हणाली. “काल मेसमध्ये जेवले. आमटी आंबट लागत होती.”

शनिवारी रेक्टरच्या ऑफिसात चौकशी झाली. खोलीला एकच खिडकी, तीही कपाटानं अर्धी झाकलेली. रेक्टर, पेंडुरकर मॅडम, मेसचा कंत्राटदार, खरमाटेकाका आणि मी. सुगंधामावशी दाराशी उभ्या. त्यांना खुर्ची कोणी दिली नव्हती.

“आमटी शिळी होती का?” रेक्टरनी विचारलं.

“न्हाय साहेब. एकावन्न पोरींनी खाल्ली. कुनाला काय झालं?”

“मग हिलाच कसं झालं?”

“ती जेवलीच न्हवती, साहेब. बुधवारी तिनं ताटाला हात लावला न्हाय. भिंतीवर बघा चला, रेघ न्हाय.”

“भिंतीवर?” कंत्राटदार हसला. “साहेब, मॅडमकडं कॉम्प्युटरवर हाय की सगळं.”

मॅडमनी लॅपटॉप फिरवला. बावन्न ओळी, आठ आठवडे, सगळा पडदा हिरवागार. नंदिताच्या ओळीत बुधवारचे तीन ठिपके, समोर ‘आहार पूर्ण’. ठिपक्यावर बोट ठेवलं असतं तर तपशील उघडला असता: उपवास, उपवास, उपवास. मॅडमचं बोट टेबलाच्या कडेवर होतं. माझं मांडीवर.

खरमाटेकाका आता उठले.

“मला एकच सांगा. तुमचं अन्न खराब असंल तर मेस बदला, मी काय बोलत न्हाय. पोरगी शिकंल. पण पोरगीच उपाशी ऱ्हात असंल तर मला असलं शिक्षण नको. गाडी खाली उभी हाय. आज न्हेतो आन् दिवाळीत देऊन टाकतो.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “आश्लेषा, तू शेजारीच असतेस. बुधवारी नंदिता जेवली होती ना?”

मावशी माझ्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे. आपली रेघ बरोबर आहे, एवढं कोणीतरी म्हणेल, म्हणून बघत होत्या.

“हो,” मी म्हटलं. “जेवली होती. मी शेजारी होते.”

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे, काकांच्या मुठीतल्या गाडीच्या किल्लीकडे. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“मग चुकली आसंल माजीच रेघ,” त्या म्हणाल्या. “म्हातारी झाले. आमटी बी आंबली आसंल.”

काका खाली बसले. मॅडमनी लॅपटॉप मिटला.

कंत्राटदारानं कामावरून काढल्यावर दुपारी मावशी त्यांची पिशवी भरत होत्या. दोन लुगडी, अडकित्ता, खडूंची डबी. मी दारात उभी राहिले. पाया पडावं की पळून जावं, ते ठरत नव्हतं.

“मावशी, मी...”

“काय बोलू नगंस. त्यो बाप तिला न्हेत हुता. मला काय दिसत न्हवतं व्हय?” त्यांनी डबीतून एक खडू काढून माझ्या हातात दिला. “आता तू घाल तिला खायाला. निस्तं शेजारी बसून चालायचं न्हाय. म्होरं बसायचं. अर्धी भाकरी पोटात गेल्याबिगर उठू द्यायचं न्हाय. आन् रेघ मारायची. खरी.”

कंत्राटदारानं सोमवारी भिंतीला चुना फासला. चष्मा गेला, द्राक्षाचा घडही गेला.

मी गोव्याला जाईपर्यंत पाच महिने नंदितासमोर बसले. आमच्या खोलीच्या दारामागं रेघा मारल्या. पहिल्या पंधरवड्यात चार, पुढच्या महिन्यात एकोणीस. तिनं एकदा रडत ताट ढकललं, मी रडत परत पुढं केलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिला सांगलीच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पोट दुखतंय सांगून ती दर शनिवारी जायची, आणि तिथं तिनं पहिल्यांदा कोणालातरी बुधवारबद्दल सांगितलं. ती पास झाली. आज तिचं स्वतःचं मेडिकल दुकान आहे, दोन मुलं आहेत आणि अंगानं माझ्यापेक्षा भरलेली आहे. पेंडुरकर मॅडम प्रोफेसर झाल्या. पुण्याच्या समारंभातला फोटो कॉलेजच्या जिन्यात लावला आहे; हिरवी साडी शोभून दिसते. माझंही बरं चाललं आहे.

नऊ वर्षांनी औषधांच्या कामासाठी सांगलीला गेले, तेव्हा विचारत विचारत तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या शेडपर्यंत पोचले. बायका बेदाणे निवडत बसल्या होत्या. सुगंधामावशी एका कडेला उभ्या राहून भरलेले क्रेट मोजत होत्या. पाठीत वाकल्या होत्या. पत्र्याच्या भिंतीवर खडूच्या रेघा.

त्यांनी मला चष्म्यावरून ओळखलं.

“ती जेवती का?” पहिला प्रश्न.

“जेवते. दोन वेळा, पोटभर.”

“पोरंबाळं?”

“दोन.”

“बरं झालं.” मेसनंतर त्यांना जिल्ह्यात कुठल्याच हॉस्टेलानं घेतलं नव्हतं, पोरींना शिळं खाऊ घालणारी बाई म्हणून. ते मला शेजारच्या बाईनं सांगितलं, त्यांनी नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नऊ वर्षं मनात जुळवून ठेवलेली वाक्यं होती. मावशींनी तेवढ्यात डबा सोडला. भाकरी, ठेचा, कांदा.

“बस. दोन घास खा.”

“नको मावशी. आज उपवास आहे माझा.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी बोटांवर वार मोजला.

“आज बुधवार.”

“हो.”

“किती वर्सं धरलायस?”

मी डब्यातल्या भाकरीकडे पाहिलं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, तशाच, रागावल्याशिवाय. मग त्यांनी भाकरी मोडली, अर्धी माझ्यापुढं ठेवली, एक क्रेट उलटा केला आणि माझ्या समोर बसल्या.

“उठायचं न्हाय,” त्या म्हणाल्या.

मला वेळ लागला. शेडमधल्या बायका टकाटका बघत होत्या. शेवटचा तुकडा गिळला, तेव्हा मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, क्रेटांच्या रेघांपासून जरा बाजूला पत्र्यावर वाकडातिकडा चष्मा काढला आणि त्याच्यासमोर एक रेघ मारली.

अर्धी भाकरी माझ्या पोटात होती. मावशींच्या डब्यात कांदा आणि उरलेली अर्धी राहिली होती, आणि त्यांची पाळी सहा वाजता सुटणार होती.